आधी हात पाह्य

कोणाचंही तान्हं मूल घ्यायच्या आधी शेजारची मावशी दोन्ही हात पुढे करायची. तळवे दाखवायची, मग उलटे करायची. "आधी हात पाह्य, मंग घेतो," म्हणायची. मेडशी गावात बाया हसायच्या. कारण कोणी विचारलं की "सवय हाये," एवढंच उत्तर. खरं कारण मला माहीत आहे, आणि ते सांगताना मला लाज वाटते.

आमच्या भिंतीपलीकडे तिचा भाजीचा मळा. आम्ही तिथे राहायला आलो तेव्हा माझी मुलगी दीड महिन्याची होती. दिवस कलला की पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन रडायची. पोट नगाऱ्यासारखं टम्म. एक दिवस ही बाई न बोलावता घरात आली, आधी माझ्या भाजीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं.

"खरं सांग, काय खाल्लं?"

"दोडकं, मावशी."

"अन् वांगं?"

मी शपथ घेतली तरी तिला पटलं नाही. मग पोरीला उचललं, आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळाने एक मोठी ढेकर ऐकू आली. पोर झोपली.

तुम्ही म्हणाल, चांगलं झालं की. पण लग्नाआधी मी वाशिमला औषधांच्या दुकानात काम केलेलं. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय मी घोटभर पाणीही पिणार नाही. रोज येते, रोज पाठ करते, रोज पोर झोपते. का? कमरेला पिशवी कसली? पूर्वी लेकरांना अफू चाटवत, हे मी ऐकून होते. मी तिच्या बोटांवर नजर ठेवू लागले. ती माझ्या पातेल्यांवर नजर ठेवूनच होती.

एका संध्याकाळी ती येऊन गेल्यावर पोर दुधाची वेळ टळली तरी उठेना. तळपाय चोळले, गाल थोपटले. तिला छातीशी धरून मी मळ्यात धावले. मावशी एकटीच मेथीच्या जुड्या बांधत होती.

"काय चाटवलं हिले? खरं सांगा!" मी तिचा हात ओढून बोटं हुंगली. मेथीचा वास होता, बाकी काही नाही. तेवढ्यात पोर जागी झाली आणि भुकेनं भोकाड पसरलं. मावशीने हात सोडवून घेतला. खाली बसून पुन्हा जुडी बांधायला लागली.

दोन दिवस ती आली नाही. पोर रडली, मीही रडले.

तिसऱ्या दिवशी दारात आली. कमरेची पिशवी ओट्यावर उलटी केली. सुपारी, अडकित्ता, एसटीचं चुरगळलेलं तिकीट. नळावर हात धुतले आणि माझ्यापुढे धरले.

"पाह्य बाई. आता घेऊ का?"

या वेळी ती माझ्याकडे तोंड करून बसली. पोरीला मांडीवर बसवलं, एका हाताने हनुवटी धरून जरा पुढे झुकवलं, दुसरा हात पाठीवरून हळूहळू वर नेला. एवढंच. चाटण नाही, मंत्र नाही.

"पाजलं का लगेच आडवी करतं तू. वारा पोटातच राह्यते."

"मग पाठ काहून करत होत्या?"

"तू दिसली का पोरगी दूधच मांगते. दुसरं काय?"

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

मी तिला कितीदा म्हटलं, "मावशी, हात नका दाखवू. माझा इश्वास हाये."

"इश्वास हाये त पाह्यले काय जाते?"

तिने ते सोडलं नाही. पुढे गावातल्या प्रत्येक आईला हात दाखवले, आणि माझं नाव कधी कोणाला सांगितलं नाही. तिची माफी उद्या मागू, परवा मागू, असं म्हणत राहिले. गेल्या हिवाळ्यात ती गेली.

मुलगी आता चार वर्षांची आहे. काल तिची कापडी बाहुली माझ्या मांडीवर पडली होती. ती समोर आली, दोन्ही हात पुढे केले, उलटे केले, आणि थांबली.

"आई, पाह्य ना. मंग घेतो."

ते इवले तळवे मी हातात घेतले आणि कपाळाला लावले.