दगडांना काही लावायचं नाही

विभावरी दाबकेने जर्मनीतल्या येना शहरात एका लेन्स कारखान्यात चौदा वर्षं काचा तपासल्या. २००६ साली तिचा विभागच बंद झाला, आणि पन्नाशी उलटल्यावर तिला गावातल्या एका छोट्या संग्रहालयात अर्धवेळ काम मिळालं. उत्तर ध्रुवाजवळच्या एका किनाऱ्यावरच्या खेड्यातून कधीकाळी आणलेली दगडी हत्यारं तिथे खोक्यांत पडून होती. हजारो वर्षांपूर्वीची. आता ती खेड्याला परत जाणार होती. त्याआधी प्रत्येकाचं स्कॅन करून हुबेहूब रूप कॉम्प्युटरवर जपायचं होतं. खेड्याची अट एकच: दगडांना काही लावायचं नाही.

साधे दगड भराभर झाले. चकचकीत काळे एकतीस मात्र अडले. प्रकाश पडला की नुसते चमकायचे, पडद्यावर भोकंच भोकं.

"पांढरी भुकटी फवारा, चमक जाईल," विभागप्रमुख लिंडनर म्हणाले. "नंतर पुसू. कोणाला कळणार आहे?"

"पण त्यांनी नाही म्हटलंय."

"बरं, महिनाअखेरपर्यंत तुम्ही मार्ग काढा. नाहीतर फवारणी."

घरी नवरा, विलास, वैतागला. "अगं, मार्चमध्ये तुझं कंत्राट संपतंय. साहेबाशी वाकडं कशाला?"

"अहो, त्यातल्या एका सुरीला अंगठा टेकवायला खोलगट जागा केलीय. मी टेकवला, तर बरोबर बसला. तिच्यावर फवारा कसा मारू?"

शनिवारी मात्र विलासनेच तळघरात तासभर खुडबुड करून तिचे कारखान्यातले, चकाकी अडवणारे जुने फिल्टर शोधून आणले. तिने एक दिव्यावर, एक कॅमेऱ्यावर लावला, एकमेकांना आडवे फिरवले, आणि चकाकी मेली. एकेका दगडाला तीन-चार तास लागत. महिनाअखेरीला नऊ उरले होते. लिंडनरनी पडद्यावरची सुरी बराच वेळ फिरवून पाहिली आणि आपणहून तीन आठवडे वाढवून दिले.

फेब्रुवारीत खेड्यातून नाया नावाच्या बाई दगड न्यायला आल्या. त्यांनी पहिलंच विचारलं, "काही लावलं का यांना?"

"नाही," लिंडनर म्हणाले. मग जरा थांबून, "मी लावणार होतो. दाबकेबाईंनी लावू दिलं नाही."

नायाबाईंनी विभावरीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. विभावरीने त्यांना खुर्ची दिली.

कंत्राट काही वाढलं नाही. पण उन्हाळ्यात खेड्यातल्या शाळेने एक स्कॅनर मिळवला आणि तिथले चमकणारे दगड स्कॅन करायला शिकवाल का, असं विचारणारं पत्र तिला पाठवलं. तेव्हापासून दर गुरुवारी ती फोनवर तिथल्या शिक्षिकेला फिल्टर कसे फिरवायचे ते शिकवू लागली. दोघींचंही इंग्रजी बेताचंच, त्यामुळे तास लांबायचा.