दहाचा मेसेज

लॅबमध्ये त्याला सगळे ‘वक्तशीर’ म्हणत, आणि गंमत बघा, तो स्वतः कधीच वेळेवर यायचा नाही. गरजच काय! रक्त-लघवी तपासायची ती लॅब, आणि तिथले कॉम्प्युटर सांभाळणारा हा. सगळी रोजची कामं त्याने मशीनला नेमून दिली होती. पहाटे पाचला नोंदींची नक्कल, साडेसातला उपाशीपोटी येणाऱ्या पेशंटांची यादी, संध्याकाळी सहाला ज्याचा रिपोर्ट त्याच्या फोनवर. एकदा हुकमाची ओळ लिहून ठेवली की झालं, मग मशीन जाणे आणि घड्याळ जाणे.

अशीच एक ओळ त्याने आईसाठी लिहिली होती. आई बसने दोन तासांवर राहायची, एकटी. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायलाच हवी. “चुकली तर गाठ होईल, मग माझ्याकडे रडत येऊ नका,” असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आई तर अशी, की दूध उतू जाऊन गॅस विझला तरी हिला पत्ता नाही! म्हणून रोज सकाळी दहाला तिला मेसेज जायचा, ‘आई, गोळी घेतलीस का?’ पाच मिनिटांत याच्या फोनवर उत्तर यायचं, ‘घेतली रे.’ चार वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मुलगा आठवणीने विचारतो अशी तिची समजूत असणार, आणि ती मोडायची त्याला काही गरज वाटली नव्हती.

शुक्रवारी अकराच्या सुमारास रिसेप्शनवरच्या ताई आत डोकावल्या.

“अहो वक्तशीर, जुनं मशीन न्यायला भंगारवाला आलाय. तुमचं काही राहिलंय का त्यात?”

“छे हो! बुधवारीच सगळं नव्यावर हलवलं आणि ते बंद केलं. एकेचाळीस कामं, मोजून.”

ताई वळल्या आणि त्याला एकदम आठवलं. एकेचाळीस कामं लॅबच्या खात्यातली. आईची ओळ त्याने स्वतःच्या खात्यात लिहिली होती, लॅबच्या यादीत घरचं काम नको म्हणून. ती कुणी हलवली? कुणीच नाही. म्हणजे काल मेसेज गेला नाही, आजही गेला नाही.

त्याने फोन उघडला. शेवटचं ‘घेतली रे’ बुधवारचं होतं. अरे गाढवा, दोन दिवस उत्तर नाही आणि तुझ्या लक्षातही आलं नाही? त्याने आईला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग तिच्या शेजारच्या शिंपीणबाईंना लावला. त्या बघून आल्या आणि म्हणाल्या, “दाराला कुलूप आहे हो. सकाळपासून दिसल्याच नाहीत.”

कुलूप! कुणी दवाखान्यात नेलं असेल का? की एकटीच निघाली आणि वाटेत कुठे पडली? नको नको ते मनात यायला लागलं. ताईंना “आई...” एवढंच म्हणाला. तसाच धडाधडा जिना उतरला.

खाली गेटवर आई उभी होती. हातात पिशवी, आणि वॉचमनला त्याचंच नाव सांगत होती.

“आई! तू इथे? फोन का उचलत नाहीस? गोळी घेतलीस का?”

आईने आधी त्याला नखशिखान्त पाहून घेतलं. मग मटकन वॉचमनच्या खुर्चीत बसली.

“बसमध्ये दहापर्यंत हातातच होता फोन. मग टाकला पिशवीत, ऐकू नाही आला गाडीच्या आवाजात. आणि गोळी घेतली, दोन्ही दिवस. त्याला काय तुझं मशीन लागतं?”

“मशीन?”

“दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर बसून चहा पीत होतास. फोन तिकडे खुंटीवर, शर्टाच्या खिशात. आणि दहाला तुझा मेसेज आला. तेव्हाच कळलं मला.”

त्याची मान खाली गेली. “मग साधा फोन तरी करायचास.”

“दुसऱ्याच कुणी उचलला असता तर? तसलं फोनवर ऐकायची हिंमत नव्हती माझी.”

“अगं, पण मशीन बंद पडलं असेल, एवढं नाही का वाटलं तुला?”

“वाटलं ना. म्हटलं, पडू दे. माझं उत्तर आलं नाही हे त्याला दिसेल, तो स्वतः विचारेल. काल दिवसभर वाट बघितली,” आई म्हणाली. “मग वाटलं, माझा मुलगा धडधाकट असता, तर एव्हाना त्याने विचारलं असतं.”