हरणारीच्या घरी फोन

हिंगोलीकडल्या गोरेगावच्या स्टँडवर सटवाजीची जीप लागली की सेनगावला जाणारं पॅसेंजर दुसऱ्या जीपकडं बघायचं नाही. वाटभर फुकटात रग्बीच्या गप्पा मिळायच्या ना! आता आपल्या भागात रग्बी कोणी बघितली होती? पण सटवाजीची पोरगी दीक्षा भारताकडून खेळायला लागली आणि माणूस पार येडा झाला. पपईसारखा लांबट चेंडू, तो पोटाशी धरून पळायचं, आडवी येईल तिला भिडायचं, पास मात्र मागंच द्यायचा, हे सगळं तो गिअर टाकता टाकता म्हाताऱ्याकोताऱ्यांना समजावून सांगायचा. त्याची बायको पद्माबाई हळदीच्या कामावर जायची. तिला या खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. पोरगी घरी आली की ती आधी तिचे गुडघे बघायची.

दरसाल भारत आणि नेपाळच्या पोरींचा मैत्रीचा सामना व्हायचा. नेपाळची मनमाया आणि आपली दीक्षा मैदानात एकमेकींच्या जिवावर उठायच्या आणि संध्याकाळी एका ताटात जेवायच्या. दोघींनी एक रीतच पाडली होती. जी जिंकेल तिनं हरणारीच्या घरी फोन लावायचा आणि तिच्या बापाला चिडवायचं. पहिल्या साली मनमाया जिंकली. तिनं 'बुवा, बुवा' म्हणत सटवाजीला असं छळलं की गडी हसून हसून खोकायला लागला. त्यांच्याकडं बापाला बुवा म्हणतात हे कळल्यावर तर तो जास्तच खुलला. दुसऱ्या साली दीक्षा जिंकली आणि तिनं मनमायाच्या बापाला पिडलं. यंदाचा सामना नेपाळात, पोखऱ्याला होता. "यंदा बी फोन आपलीच पोरगी लावनार," असं सटवाजी महिनाभर सांगत फिरला.

सामना बुधवारी होता. सोमवारी सकाळी स्टँडवर जीपचं दार उघडता उघडता तो छाती धरून खाली बसला. हिंगोलीला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"वहिनी, पोरीला कळवा लागंल," धाकटा दीर भीमराज म्हणाला.

पद्माबाई तोवर रडली नव्हती. तिनं विचारलं, "कळवलं तर माती द्यायच्या आत पोचंल का ती?"

"न्हाई. दोन दिवस लागतेत."

"मंग नका सांगू, भावजी. परक्या मुलखात एकलं लेकरू. कोनाच्या गळ्यात पडून रडंल ते? खेळून येऊ द्या. मी सांगते. मांडीवर घेऊन सांगते."

भावकीत कुजबूज झाली. काळीज हाय का दगड, असंही कोणी बोललं. बोलणाऱ्याचं काय जातं! बाप गेल्याचं पोरीला कसं कळावं, एवढी एकच गोष्ट त्या दिवशी पद्माबाईच्या हातात उरली होती आणि तिला ती जपायची होती.

चार वाजता माती दिली. बुद्धवंदना झाली, पंचशील झालं. एवढं सगळं होऊनही म्हाताऱ्या बायांनी तिच्या बांगड्या उतरवायला लावल्या आणि कुंकू पुसलंच. मोठे सुधारलेलो आपण! संध्याकाळी दीक्षाचा फोन आला तेव्हा पद्माबाई नवऱ्याचा मोबाइल घेऊन गोठ्यामागं गेली.

"बाबा कुठंयत?"

"जीपवर. शीट भरून राहिलेत."

मंगळवारीही तेच सांगितलं. पोरगी म्हणाली, "आवाज काहून बसला गं, माय?" तर ही म्हणाली, हळदीची धूळ. लोकांना अंगणात गप्प बसवून ती दोन्ही दिवस नीट बोलली. तिनं सगळा विचार केला होता. फक्त पोरगी हरली तर काय, हा केला नाही.

बुधवारी दुपारी फोन वाजला. पडद्यावर दीक्षाचा फोटो बघून पद्माबाईनं हिरवं बटण दाबलं आणि नेहमीसारखा कानाला लावला. तो फोन व्हिडिओचा होता. तिकडून हसण्याचा गलका आला आणि मनमायाचा आवाज, "बुवा कहाँ है? बारा-दस! बुवा को बुलाओ!"

पद्माबाई दचकली. तिनं फोन कानावरून काढून समोर धरला. पडद्यात मनमाया हसत होती आणि तिच्या खांद्यामागून चिखलानं भरलेली दीक्षा डोकावत होती. दीक्षाचं हसू तोंडावरच राहिलं. आईनं बटण दाबतानाच तिला तिचं मोकळं मनगट दिसलं होतं, आता पुसलेलं कपाळही दिसलं.

"माय," ती म्हणाली.

फोन गवतात पडला असावा, कारण नुसतं आभाळ दिसायला लागलं. मग पोरीचं ओरडणं ऐकू आलं. कोणीतरी फोन उचलला, तेव्हा मनमायानं दीक्षाला मांडीवर घेतलं होतं. दोन्ही देशांच्या पोरी त्यांच्याभोवती गुडघ्यांवर बसल्या होत्या. पद्माबाई इकडून "लेकरा, लेकरा" करत राहिली, पण तो आवाज तिकडं कोणाला ऐकू गेला नसेल.

शुक्रवारी दीक्षा घरी आली. मनमाया तिला विमानतळापर्यंत सोडायला आली होती म्हणे. पद्माबाईनं जवळ ओढलं तर पोरगी आली, पण अंग लाकडासारखं. रडली नाही, भांडलीही नाही. दोन दिवस ती बाप गेल्याची माहिती चुलत्याकडून विचारून घेत राहिली. रविवारी आईजवळ येऊन बसली.

"माती किती वाजता दिली?"

"सोमवारी चारला."

दीक्षानं मनाशी वेळ जुळवून बघितली.

"तवा नेपाळच्या पोरी आमाला नाच शिकवून राहिल्या होत्या," ती म्हणाली. "मी लई हसले, माय. लोळून लोळून हसले. आता माझ्या बापाला माती दिली तवाचं आठवायला गेलं की मला तेच आठवतंय."

पद्माबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरीनं तो काढला नाही, पण ती तिच्याकडं वळलीही नाही.