पंचवीस एप्रिलचं कार्यालय

भांडगावला हायवेच्या कडेला पोपटरावांचं मंगल कार्यालय होतं आणि पोपटरावांच्या कपाळाला कायमची आठी होती. धंदा वाईट होता असं नाही. पण या गृहस्थांना कुणालाही 'नाही' म्हणणं अगदी जिवावर यायचं. समोरचा कोणती तारीख मागतोय हे पुरतं ऐकायच्या आत ते मान डोलवून मोकळे होत. निभत होतं ते एका लाल वहीमुळे. वही उघडून पाहिल्याशिवाय तारीख द्यायची नाही, हा एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नव्हता.

२००३ साली सून तेजश्रीनं वहीतलं सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. शिरूरकडची लग्नं पोपटरावांची धाकटी बहीण साळूबाई तिच्या घरी बसून घ्यायची, आणि कॉम्प्युटर तिच्याकडेही होता. दौंडला कॉम्प्युटरचे क्लास घेणारे बाळासो तेव्हाच सांगत होते, "आप्पा, डेटाबेस करू. समद्या तारखा एकाच ठिकाणी. शिरूरच्या ताईंनी फोन करायचा, नोंद हितं व्हईल. एक तारीख दोघांना द्याया गेलात, तर मशीनच न्हाई म्हणंल."

पोपटरावांनी दोन्ही प्रकार पडद्यावर नीट पाहिले. डेटाबेसात एका वेळी एकच लग्न दिसत होतं, बाकीची कुठं दडली होती देव जाणे. एक्सेलमध्ये मात्र उभ्याआडव्या चौकटी, थेट वहीसारख्या. "ह्येच बरं. समदं डोळ्याम्होरं दिसतंय," ते म्हणाले, आणि एक्सेल ठरलं. एक फाइल भांडगावला, एक शिरूरला. दर शनिवारी साळूबाईची फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरबरोबर यायची आणि तेजश्री तिच्यातली नवी नावं आपल्या फाइलीत भरून घेऊन पुरी झालेली फाइल त्याच फ्लॉपीवर शिरूरला परत धाडायची.

पुढच्या मार्चमध्ये केंदूरचे मल्हार पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. त्यांच्या लेकीचं, स्वप्नालीचं लग्न होतं. नवरामुलगा कुरकुंभला कंपनीत, म्हणून कार्यालय इकडचं. "आप्पा, पैली पत्रिका तुमाला," म्हणत त्यांनी ती पुढं केली. तेजश्रीनं सहज म्हणून फाइल उघडली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. पंचवीस एप्रिलच्या चौकटीत नाव होतं प्रगतीचं. प्रगती म्हणजे साळूबाईची एकुलती एक लेक, पोपटरावांची सख्खी भाची.

मग तिला उलगडलं. एका शनिवारी घरात पाहुणे होते, कामाची घाई होती. एकेक नाव भरत बसण्याऐवजी तिनं साळूबाईची अख्खी फाइलच आपल्या फाइलीवर उतरवली होती. दोनच दिवस आधी नोंदवलेले मल्हार त्यात पुसले गेले. पोपटरावांनाही शंका आली नाही, कारण मल्हारांनी मागितला होता अक्षय तृतीयेनंतरचा रविवार, आणि बहिणीनं कळवली होती पंचवीस तारीख. दोन्ही दिवस एकच आहेत, हे कुणी पडताळलंच नाही.

मल्हार समोर बसलेले असतानाच पोपटरावांनी शिरूरला फोन लावला. साळूबाई सरळ म्हणाली, "कॉम्प्युटरात माझ्या लेकीचं नाव हाय ना? मंग झालं तर. त्या माणसाकडं पुरावा काय हाय?"

पुरावा खरोखरच नव्हता. ना पावती, ना चिठ्ठी. पोपटराव घामाघूम झाले होते.

"मी हाय की पुरावा," ते म्हणाले. "मी व्हय म्हणलोय यास्नी. साळू, कार्यालय न्हाई मिळायचं. प्रगतीचं लगीन माझ्या दारात करू."

"मामाचं कार्यालय आसून माझी लेक अंगणात?" साळूबाईनं फोन ठेवला तो ठेवलाच.

पोपटरावांना घास गोड लागेना. अंतरपाट धरला की भाचीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं. आता बहीण बोलावते तरी की नाही, हीच धास्ती. उभ्या जन्मात एकदा ठाम नकार दिला, तोही पोटच्या लेकीसारख्या बहिणीला!

त्याच आठवड्यात बाळासोंनी डेटाबेस बसवून दिला. तेजश्रीनं मुद्दाम पंचवीस एप्रिलला दुसरं नाव टाकून पाहिलं. मशीननं साफ नाकारलं. पोपटरावांनी तिला आणखी तीनदा टाकायला लावलं, तिन्ही वेळा तेच. "आन् ह्याला वाईट बी वाटत न्हाई," ते हेव्यानं म्हणाले.

पंधरा दिवसांनी फोन वाजला. पलीकडून साळूबाई कडाडत होती. "दादा, तुझे मल्हार माझ्या दारात येऊन बसल्यात. म्हणत्यात, आमी केंदुरातच मांडव घालतो, कार्यालय तुमच्या लेकीला घ्या. मी म्हणलं, माझ्या भावानं दिलेला शब्द परत करणारे तुमी कोण वो? गुमान जेवा आन् घरी जा!"

पोपटरावांना हुंदकाच फुटला. "साळू..."

"रडू नगंस. तुझ्या दारात हजार माणूस बसंल का, त्येवढं सांग."

पोपटरावांनी फोन तसाच तेजश्रीच्या हातात दिला आणि टेप घेऊन ते अंगण मोजायला धावले.