शालनचे चौदा दिवस

दुपारी जेवलो की मी आडवा होतो. आज फोन छातीवर ठेवून पडलोय. त्यात आमचा बुद्धिबळाचा डाव अजून उघडा आहे. शालन दवाखान्यात होती तेव्हा मुलीने दोघांच्या फोनवर लावून दिलेला, एका चालीला चौदा दिवस. शालनने चाल केली आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. काल तेरावा झाला. आज चारला माझी वेळ संपते. मी खेळणार नाही. वेळ संपली की मी हरलो, ती जिंकली. खेळलो तर तिचं घड्याळ सुरू होईल, आणि ते थांबवायला कोणी नाही.

पंख्याचा आवाज लांब जातो.

मी एसटी स्टँडच्या बाकावर आहे. शेजारी शालन मेथी निवडतेय. तिच्या हातात सलाईनची सुई नाही.

"बसलाय काय असे? चाल तुमची आहे."

"राहू दे. जिंक तू."

"मी कधी घड्याळावर जिंकलेय का हो? तुम्हाला वेळ वाढवून कोण द्यायचं?"

खरं आहे. संध्याकाळी दहा-दहा मिनिटांचे डाव खेळायचो. शेवटी माझी धांदल उडायची. मग ती तिच्या फोनवर अधिकची खूण दाबून मला पंधरा सेकंद द्यायची, वर म्हणायची, "घ्या, चहा पिऊन या."

"मग मी पण तुला वेळ देतो," मी म्हणतो. "रोज देत जाईन."

"किती दिवस?"

फलाट आता दवाखान्याचा व्हरांडा झालाय. फरश्या एक काळी, एक पांढरी. ती एका पांढऱ्या फरशीवर उभी आहे, मेथीची जुडी हातात.

"माझा वजीर उघडा पडलाय, दिसलं का तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी दिसलं."

"मला नाही दिसलं. औषधाने डोळ्यांवर झापड होती. मारा तो."

"नाही मारवत गं."

"अहो, लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, कधी फुकट जिंकू दिलंत मला? आताच कुठून आली ही दया? मारा म्हणते ना."

मी हात पुढे करतो. फरशी गार लागते.

जाग येते तेव्हा चारला पाच कमी आहेत. फोन छातीवर नाही, हातात आहे. पटावर माझा हत्ती तिच्या वजिराच्या जागी उभा आहे, आणि वजीर बाजूला, माझ्या नावापुढे.

तिच्या नावाखाली घड्याळ चालू झालंय. तेरा दिवस, तेवीस तास, अठ्ठावन्न मिनिटं. शेजारीच अधिकची खूण आहे. माझं बोट तिथपर्यंत जातं.

मी ते मागे घेतो. सत्तावन्न मिनिटं.