आत्याच्या चार ओळी

माझा आवाज जाड आहे. शाळेच्या समूहगीतात बाईंनी मला दोनदा मागच्या रांगेत ढकललं आणि तिसऱ्यांदा गाळूनच टाकलं. पुढं त्याच आवाजामुळं मी तेव्हाच्या औरंगाबादेत एका गॉथिक रॉक बँडची गायिका झाले. संथ, खालच्या पट्टीतलं, उदास संगीत. ड्रम आणि बास पुढं, गिटार लांबून रडल्यासारखी, आणि वर माझा घोगरा सूर. आम्ही चौघं होतो. गिटार वाजवणारा माझा कॉलेजातला मित्र, वकिलाच्या घरातला. चाली त्याच्या, शब्द माझे.

लागोपाठ दुष्काळाची वर्षं होती ती. सराव मित्राच्या घरी, वरच्या खोलीत चालायचा. नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी. खालून त्याच्या आईनं "नळ आला!" म्हणून हाक दिली की गाणं असेल तिथं सोडून आम्ही बादल्या घेऊन धावायचो. मी फुलंब्रीहून एसटीनं ये-जा करायची. आमची मेंढरं ज्या माळांवर चरली तिथं प्लॉट पडत होते. चुन्यानं रंगवलेले दगड, त्यांवर काळे नंबर.

वडिलांनी कळप मोडून शहरात वॉचमनची नोकरी धरली होती. मेंढरं उरली होती फक्त माझ्या आत्याकडं. काटक बाई, जिभेनं तिखट. एका रविवारी मी तिच्यासोबत मेंढरं घेऊन गेले. नेहमीच्या वाटेवर तारेचं कुंपण झालेलं. वळसा घालून गेलो, तर पुढं दगडच दगड. मेंढरं ते दगड हुंगत उभी राहिली. आत्यानं काठीवर हनुवटी टेकली, जरा वेळ बघितलं, आणि स्वतःशीच गायला लागली,

पांढरा धोंडा, वर काळा आकडा,
कुणाला पुरलं गं या माळाला?
गवत पुरलं, वाट पुरली,
काय सांगू मी मेंढराला?

मी कित्येक महिने वहीत दौलताबादच्या किल्ल्यातला अंधार आणि वटवाघळं लिहीत बसले होते, आणि हिनं भर उन्हात, उघड्या माळावर कबरस्तान दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या ओळी सरावाला गाऊन दाखवल्या. मित्रानं गिटार खाली ठेवली.

"कुठलं आहे हे?"

"आमच्याकडं गातात," मी म्हणाले.

तसं का म्हणाले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. आत्या गाते ते सगळं जुनंच असणार असं मी लहानपणापासून धरून चालले होते, हे खरं. पण त्या ओळी कुणाच्याच नसल्या तर गाणं माझंच राहणार होतं, हेही खरं.

त्या चार ओळींना जोडून मी वहीतल्या वटवाघळांची दोन कडवी लिहिली. तेच गाणं अल्बमच्या सुरुवातीला घ्यायचं ठरलं. रेकॉर्डिंग झालं. औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात सीडीचं कव्हर छापायला दिलं, आणि त्याचा नमुना घेऊन मी मोठ्या ऐटीत आत्याकडं गेले. तिच्या कानाला इयरफोन लावले. गाणं संपल्यावर तिनं ते काढून माझ्या हातात दिले.

"आवाज लई चांगला लागलाय," ती म्हणाली. "बाप्यावानी. आन् ह्या कागदावर काय लिव्हलंय?"

मी वाचून दाखवलं. संगीत मित्राचं, शब्द माझे, पहिल्या चार ओळी पारंपरिक.

"पारंपरिक म्हंजी कोन?"

"कोण नाही गं. म्हणजे जुनं. कुणी रचलं ते ठाऊक नाही असं."

"धोंडे तर परवा रोवले. मंग गानं जुनं कसं?"

मी कव्हरवरची ती ओळ पुन्हा वाचायला लागले.

"म्या जोडलं ते. तुझ्या म्होरं जोडलं. ठाऊक नाय कसं? मी काय मेले व्हय?"

ती चिडून बोलत होती, पण डोळ्यांत पाणीही होतं. मी मान खाली घातली. "चुकलं माझं," म्हणाले. तिथूनच मित्राला फोन करून सगळं सांगितलं, मी काय बोलले होते तेही. तो म्हणाला, "छपाई थांबवतो. पण चालीचं काय? सुरुवातीच्या ओळींची चाल तू गायलीस तशीच मी धरली होती."

दोन दिवसांनी तो मोटरसायकलवर गिटार बांधून फुलंब्रीला आला. आत्यानं त्याला चहा दिला आणि खाटेवर बसवलं. त्यानं विचारलं, "आत्या, यातलं तुमचं कोणतं ते तुम्हीच सांगा." मग तो वाजवायचा आणि ती हात वर करून थांबवायची.

"हितवर माझं. 'माळाला' म्हनताना आवाज खाली पाडते, ते माझं. फुडली कुरकुर तुझी."

त्याला हसू आवरेना. "बरोबर आहे," म्हणाला.

मी म्हणाले, "आत्या, गाण्याच्या सगळ्या शब्दांना तुझंच नाव लावू का?" मला वाटलं, एवढ्यानं तरी भरपाई होईल.

"कामून? वटवाघळाचं तू लिव्हलंस. ते माझ्या नावावर नको. माझं तेवढं माझं."

तिचं म्हणणं होतं तसंच कव्हर छापलं. नाव कसं घालायचं विचारलं, तर तिनं आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग बापाचं, मग आडनाव. माझी दोन कडवी माझ्या नावावर राहिली, आणि तिनं ती स्वतः वेगळी काढून माझ्याकडं दिली होती म्हणून मला ती पहिल्यांदाच खरी माझी वाटली.

अल्बम फार लोकांनी ऐकला असं नाही. ज्यांनी ऐकला त्यांनी विचारलं ते त्या चार ओळींविषयीच. थोडी असूया वाटायची. पण "माझ्या आत्यानं रचल्यात" असं सांगताना माझी मान आपोआप ताठ व्हायची.

पावसाळा संपता संपता शहरातल्या एका छोट्या सभागृहात आमचा कार्यक्रम झाला. आत्या दुसऱ्या रांगेत, कडक इस्त्रीच्या लुगड्यात. गाण्याआधी मित्रानं माईकवर तिचं पूर्ण नाव घेतलं आणि या ओळी नि चालीची सुरुवात त्यांची आहे असं सांगितलं. ती उठून उभी राहिली. तिनं स्टेजकडं पाठ केली आणि लोकांकडं तोंड करून हात जोडले. टाळ्या थांबल्या, गाणं सुरू झालं, तरी ती बसेना. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, खाली बसा ना, दिसत नाही."

"थांब जरा," आत्या म्हणाली. "माझं चालू हाय."

चार ओळी संपेपर्यंत ती उभीच होती. मी वरून तिच्याकडं बघत गात होते. माझा आवाज इतका मोकळा त्याआधी कधीच लागला नव्हता.