दसऱ्याला घासलेल्या नळ्या

भांडुपच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी मशीन ऑपरेटर होतो. बटाटे, सफरचंदं, लोणी असला माल आत गारेगार राहावा म्हणून आम्ही बाहेर मशीनपाशी घामाने निथळत बसायचो. माझ्या पाळीत मदतनीस म्हणून एक काका होते, मालवणकडचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. संपात गिरणीतली नोकरी गेली, मग बऱ्याच ठिकाणी हातापाया पडून ही मिळाली होती. मुलीचं लग्न ठरलं होतं. ही नोकरी गेली असती तर गावी परतण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं, आणि गावचं घर भावांनी केव्हाच आपसांत वाटून घेतलं होतं.

विजेचं बिल आलं की आमचे शेठ दिसेल त्याच्यावर खेकसायचे. एकदा ते एका टायवाल्या इंजिनिअरला घेऊन आले. त्याच्या कंपनीचा एक ऑटोमॅटिक स्विच होता. खोली पुरेशी थंड झाली की तो मशीन आपोआप बंद करणार, गरज पडली की चालू करणार. खरंच वीज वाचते का हे पाहायला आधी काही दिवस स्विचशिवाय मीटर बघायचा, मग स्विच लावून तेवढेच दिवस. वीज वाचली तर स्विच राहणार आणि हाताने मशीन चालू-बंद करणारा प्रत्येक पाळीतला मदतनीस जाणार. शेठनी हे काकांच्या तोंडावरच सांगितलं. त्या माणसाचा तेवढाच एक गुण मला आठवतो.

स्विचशिवायचे दिवस संपले आणि मध्ये दसरा आला. दसऱ्याला मशीनची पूजा सगळीकडेच व्हायची, पण काकांना गिरणीचं वळण. यंत्र लख्ख केल्याशिवाय त्याला हार घालायचा नाही. आदल्या दिवशी ते गच्चीवर चढले. आतली उष्णता ज्या नळ्यांतून बाहेर पडायची त्या वर उघड्यावर होत्या. त्यांच्यावर सतत पाणी सोडलेलं असे, आणि बोअरिंगच्या त्या खाऱ्या पाण्याने नळ्यांवर जाड पांढरा थर चढला होता.

"कशाला काका? वर कोण बघायला येतंय?" मी चिडवलं.

"देव बघता मा," म्हणाले आणि तारेच्या ब्रशने लोखंड दिसेपर्यंत घासत राहिले. दुसऱ्या दिवशी झेंडू, हळदकुंकू, नारळ, पेढे. असा थाटाचा दसरा त्या जागेने कधी पाहिला नव्हता.

मग स्विच लागला आणि मीटर हळू पळू लागला. इंजिनिअर आणि शेठ एकमेकांना टाळ्या द्यायचेच बाकी होते. माझं डोकं फिरलं. अहो, एवढा थर निघाल्यावर उष्णता झटकन बाहेर पडणार, मशीनला दम कमी लागणारच, त्यात तुमच्या स्विचचं काय कौतुक? मी तडक शेठच्या केबिनमध्ये गेलो आणि तसंच सांगितलं. स्विच काढा, नुसत्या साफ नळ्यांवर मीटर बघा, मग काय ते ठरवा.

इंजिनिअर बॅग आवरत राहिला. शेठ शांतपणे म्हणाले, "अरे, वीज वाचली ना? कशाने का वाचेना. स्विच पण राहील, आणि नळ्या यापुढे तू घासत जा."

माझा संताप संताप झाला. तिथे आणखी बोललो असतो तर मीही घरी गेलो असतो, आणि काकांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मी बाहेर आलो.

काका मशीनपाशी उभे होते. "शेठ काय म्हणालो रे?"

मला निकाल सांगवेना. म्हणून आधी जे खरं होतं ते सांगितलं. "काका, वीज वाचली ती स्विचने नाही. तुम्ही नळ्या घासल्यात ना, त्याने वाचली."

"खरा सांगतंस?" त्यांचा चेहरा असा फुलला की मी खाली बघू लागलो. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"मगे आता माका ठेवतले मा रे?"